परकोटाबाहेरची पेंढारी

बाबा, परवा नागपुरी गेटपाशी गेले होते. जुन्या शहराभोवतीच्या परकोटाच्या दगडांत पिंपळ रुजलेत आणि भिंतीला टेकून टपऱ्या थाटल्यात. तुम्ही असता तर टपरीवाल्याला आधी पेंढाऱ्यांचा इतिहास सांगितला असता, मग भांडला असता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही आम्हा चौथीच्या पोरांना तिथं न्यायचात. भिंतीतल्या जंग्या, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायची भोकं, आत बोट घालून दाखवायचात. ही सावकारांची, कापूसवाल्यांची पेठ पेंढारी लुटत, म्हणून निजामाच्या अमलात हा कोट बांधला, एवढं आमच्याकडून वदवून घेतलं की मग खेळ. अर्धी पोरं आत, ती सावकार. अर्धी बाहेर, ती पेंढारी. आणि परकोटाच्या छोट्या दारात एक पहारेकरी. त्यानं "कोन हाये?" विचारायचं आणि मनात आलं तरच आत घ्यायचं.

पहारेकरी दर वेळी तीच, माझ्याच बाकावर बसणारी. तिच्या घरच्यांनी नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती. मी कायम पेंढारी. शाळेत मी तुम्हाला गुरुजीच म्हणायचं. मास्तरच्या पोरीचे लाड होतात असं कुणी म्हणू नये म्हणून मला साधा खडू आणायलाही पाठवत नसायचात. तिच्या खांद्यावर मात्र तुमचा हात. मी बाहेर उन्हात उभी आहे, तो हात बघते आहे आणि अंगाचा नुसता तिळपापड होतो आहे. ती विचारते, "कोन हाये?" मी तोंडच उघडत नाही.

एकदा आई भाकरी थापत होती, तुम्ही जेवत होतात, आणि मी भडकलेच. "तिलेच कावून दारात उभी करता? मी मेली काय?"

तुम्ही घास खाली ठेवला. "तिच्या आज्याले लोकायनं गावकुसाबाहेर ठेवलं व्हतं. पोरगी घडीभर दाराची मालकीन झाली, त तुह्यं काय जाते?"

"खरंच त हाये," आई म्हणाली.

मला ते तेव्हाही पटलं होतं. पण बाबा, जात होतं. माझंच जात होतं. पुढे मी मॅट्रिक व्हायच्या आतच तुम्ही गेलात, आणि मला एकटीला परकोट दाखवायचा राहिलाच.

परवा तिथं तीच भेटली. हेडमास्तरीण होऊन रिटायर झाली आहे. नातवाला जंग्या दाखवत होती, "माहे गुरुजी असं सांगत." माहे! मी पुढे झाले. तिनं ओळखलं, कवटाळलं, डोळे पुसले.

"तुह्यं नशीब मोठं, बाई. आमाले गुरुजी शायेपुरते. तुले त घरीबी परकोटाच्या गोष्टी सांगत असतीन."

घरी तुम्ही वह्या तपासायचात.

"हो त," मी म्हटलं. "रोज सांगत. तुमाले नाई सांगितल्या, त्याबी." आणि पेंढाऱ्याच्या एका बायकोची गोष्ट तिथल्या तिथे रचली, ऐन रंगात आल्यावर सोडून दिली. तिचा चेहरा उतरला.

"मंग पुढं काय झालं?" ती रिक्षापर्यंत विचारत आली. नाही सांगितलं. हे पत्र कुठं टाकायचंच नाही, म्हणून लिहिते: फार बरं वाटलं.