आत्या, तुम्हाला मागून घेतले नाही

प्रिय मार्था आत्यास,

तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. तुम्ही सुटीवर घरी येत होता तेव्हा मला तुमच्यासमोर चार वाक्ये धड बोलता आली नाहीत. आता तुम्ही नसताना मात्र पानभर बोलायला बसले आहे. पण आज मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे, आणि सोमवारपर्यंत तुमच्या मठाच्या मदरना मला उत्तर कळवायचे आहे.

सकाळी पप्पांसोबत अंबरनाथच्या दफनभूमीत गेले होते. बाहेर पाडव्याचे फटाके वाजत होते; आत जो तो आपल्या माणसाची कबर धुऊन झेंडू वाहत होता. ज्यांचे माणूस दूर पुरले आहे, त्यांनी मधल्या मोठ्या क्रुसाशी मेणबत्ती लावायची, हे पप्पांना ठाऊक आहे. तरी ते पेटती मेणबत्ती धरून कबरींमधून फिरत राहिले. अखेर एका बाईंनी विचारले, "भाऊ, तुमचं माणूस कुठल्या लाइनीत?"

"आमची बहीण हाय. आफ्रिकेत."

"मग आणलं नाय व्हय इकडं?"

पप्पा मेणबत्ती घेऊन पुढच्या लाइनीत वळले.

उत्तर मला ठाऊक आहे. तुम्ही सिस्टर होण्यासाठी घर सोडलेत, तेव्हा आपल्या घरच्या रीतीप्रमाणे तुम्हाला नवरीसारखी हळद लागली, चर्चमध्ये मिस्सा झाली, दारी मांडव पडला, आणि थोरला भाऊ म्हणून पप्पांनी तुमचा हात मदरच्या हातात दिला. मोझांबिकमध्ये मलेरियाने तुम्ही गेलात, तेव्हा त्याच मदरनी फोनवर विचारले होते, देह पाठवू का? पप्पा ताठ मानेने म्हणाले, "दिलेली लेक आम्ही माघारी मागत नाय." तेव्हा मला ते वाक्य फार थोर वाटले होते. आज त्यांच्या बोटांवर मेण ओघळत होते आणि त्यांना हात झटकण्याचेही भान नव्हते.

तुमच्यावरही थोडे रागवू का? तिकडच्या अनाथ मुलांना मच्छरदाण्या आणि स्वतःला नुसती चादर, हा कुठला न्याय होता? ताप अंगावर काढताना भावाची आठवण आली नाही?

इथल्या कॅम्प तीनच्या वस्तीत जीन्सच्या कारखान्यांतल्या मुलांना शिकवताना तुम्हाला देवाची हाक आली, असे घरात सांगतात. ती कशी ऐकू येते, हे मी एकदाच धीर करून विचारले होते. तुम्ही हसलात. "अगं, देव काय रिक्षावाला हाय? 'चला, कॅम्प तीन, एक सीट' म्हणून वरडायला?" तेव्हापासून मी संतांची चरित्रे वाचली, नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थना केल्या, गुडघे टेकून वाट पाहिली. मला काहीही ऐकू आलेले नाही.

मदर लिहितात की तुम्ही सांभाळत होता त्या अनाथ मुलांच्या घरातली सर्वांत धाकटी मुले सरकारी आश्रमात हलवली गेली. नाताळपर्यंत कोणी आले नाही, तर उरलेलीही जातील. पुरात आईवडील गमावलेली ती मुले पुन्हा एकदा पोरकी होतील. दोन वर्षांसाठी सेविका म्हणून त्यांनी मला बोलावले आहे. मी जाऊन काय होणार, आत्या? मी शिकवते त्या बदलापूरच्या शाळेत माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. त्या मुलांना तुम्ही हव्या आहात, आणि त्यांच्या दारात मी उभी राहणार.

परतताना पप्पांना सांगितले.

"एक दिली. आता दुसरीपण द्यायची?"

"दोनच वर्षं, पप्पा."

"ती पण सुटीला येते म्हणूनच गेलती. जायचं तर जा. हळद मी लावणार नाय."

"नका लावू."

"लोक म्हणतील, पोरगी पळून गेली."

"म्हणू देत."

त्यानंतर घर येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

आत्या, तुम्हाला वचन देते. सोमवारी मी 'येते' असे कळवीन. मला हाक आली, असे खोटे मात्र लिहिणार नाही. माझ्या जाण्याने ते घर वाचेल, अशी आशा मला वाटत नाही, तरीही जाईन. आणि निघण्यापूर्वी पप्पांकडून एवढे कबूल करून घेईन, की तिकडे माझे काही बरेवाईट झाले, तर त्यांनी मला मागून घ्यावे.

तुमची भाची,
सुवार्ता

तुमच्या तिकडच्या नंबरवर पाठवले: शनिवार, २ नोव्हेंबर २०२४, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी