वाकड्या दाताची कवळी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या बहिणीची पार शोभा झाली! एका आजोबांसाठी मी बनवलेली वरची कवळी दवाखान्यातून तिसऱ्यांदा परत आली. दुखतं का, असं डॉक्टर दर वेळी विचारतात, आजोबा नाही म्हणतात आणि आठवड्यात नुसतं ‘जमत नाही’ म्हणून डबी पुन्हा माझ्या टेबलावर! चौथ्यांदा आली तर दुसरीकडे काम शोध, असं लॅबच्या मालकांनी बजावलंय. आम्ही माणसं पाहतच नाही गं, नुसते साचे पाहतो. आजोबांच्या जुन्या फोटोत पुढचा एक दात वाकडा होता, तोसुद्धा मी त्या मेल्या उंच स्टुलावर पाठ मोडून घेत, प्रेमानं सरळ करून दिला. आणखी काय करू? तू लोकांचे कपडे शिवतेस, तूच सांग.

तुझा लोभ आहेच, सध्या दुप्पट लागेल.
धाकटी

९ मार्च

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

रडूबाई, डोळे पूस. घट्ट होतंय का, असं मी गिऱ्हाइकाला विचारतच नाही. भिडेखातर माणसं नाहीच म्हणतात. मी त्यांना फळीवरचा डबा काढायला लावते, मग काखेत कुठे ओढतंय ते लगेच कळतं. तूही आजोबांच्या घरी जा आणि ते दिवसभर काय करतात ते बघ. त्याआधी दातांवर संत्र्याची साल बसवून एक दिवस काम कर. तेवढाच इतरांच्या कानांना आराम!

लोभ मागायचा नसतो, वेडे. आहे तो सगळा तुझाच.
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सापडलं, ताई, सापडलं! साल लावून फोनवर बोलले तर मालकांना वाटलं मी पिऊन आलेय. दुपारपर्यंत तोंड उघडायचीच लाज वाटायला लागली. तशीच कवळी घेऊन आजोबांकडे गेले. ते चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, हे कुणी विचारलंच नव्हतं! मी वाजवायला लावलं. फुंकायच्या टोकावर वरचे दात टेकवावे लागतात. माझे सरळ दात घसरत होते आणि सुरांऐवजी नुसती फुसफुस. आजोबा ओशाळून म्हणाले, दुखत तर नाही, मग तक्रार कसली करायची? माझा जीव तुटला गं. त्या टोकावर त्यांच्या वाकड्या दाताची खाच पडलीय. मी तिच्यात मेण दाबून ठसा घेतला आणि दात हवा तेवढा वाकडा बसवला. मालक म्हणतात, हा दात पाहून लोक आपल्याला हसतील. डबी काल गेली.

लोभ असू दे, नोकरी असो वा नसो.
धाकटी

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबी चौथ्यांदा आली! मालकांनी ती माझ्यापुढे ठेवली. उघडली तर आत कवळी नव्हतीच! क्लॅरिनेटला लावतात त्या वेताच्या पातळ पत्त्या होत्या, अकरा. सोबतच्या चिठ्ठीत आजोबांनी लिहिलं होतं की सूर लागेना म्हणून ते बिचाऱ्या पत्त्याच बदलत राहिले, दोष त्यांचा नव्हताच. शनिवारी ते बागेत वाजवणार आहेत आणि मला आणि मालकांना बोलावलंय. मी टेबलाशीच नाचले!

मालकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. जाता जाता वळून विचारलं, त्या स्टुलाचा मला त्रास होतो का. मी सवयीनं नाही म्हणाले. तर ते तिथेच थांबले आणि म्हणाले, बसून दाखव.

शनिवारी ये, लोभ सोबत घेऊन.
धाकटी