बूट बाहेर

शनिवार, ऑक्टोबर २००६

अमेरिकन आर्मीच्या ट्रेनिंगहून रोहन आज सुट्टीवर घरी आला. दाराशी यायच्या आधीच, गराजपाशी, त्याने बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधले. मी उचलायला गेले तर म्हणाला, "आई, डोन्ट टच! फायरिंग रेंजवर युरेनियमचे जुने तोफगोळे पडलेत, बुटांवर त्यांची धूळ असेल. आर्मीवाले म्हणतात सेफ आहे, पण..."

पण काय? आणि नाकातोंडात गेली असेल त्या धुळीचं काय?

लहानपणी सॉकरहून आला की चिखलाच्या बुटांनी थेट देवापर्यंत यायचा. "बूट बाहेर!" ओरडून माझा घसा बसायचा. कार्ट्याने कधी म्हणून ऐकलं नाही.

आज न सांगता काढले. कार्पेट अगदी स्वच्छ आहे, आणि मला ते बघवत नाहीये.