जामीनदाराची खुर्ची

मी, शिवलीला नागाप्पा हत्तरगी, वय सव्वीस, शिक्षण बी.कॉम., शिरोलीतल्या एका फौंड्रीत हिशेब विभागात नोकरी, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी घाबरलेली मात्र आहे. घाबरल्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, हे वकिलांना विचारून घेतलं आहे.

गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसली, त्यामुळे घरातून मोठा खर्च जाणार नाही. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जण बरे होऊन घरी जातात. त्या बहुतेकांत मी नसले तर पुढे काय, हे घरात कोणी बोलू देत नाही. मी विषय काढला की आई, म्हणजे आमची अव्वा, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून म्हणते, "अभद्र बोलू नको." म्हणून बोलत नाही, लिहिते.

कलम १. बँकेत माझ्या नावावर तीन लाख वीस हजारांची मुदत ठेव आहे. ती संपूर्ण रक्कम, व्याजासह, माझी धाकटी बहीण शिवांजली हिला मिळावी. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उरलेल्या वर्षांची फी, वसतिगृह, मेस आणि गणवेश यांचा हिशेब मी दोनदा मांडला आहे. पैसे पुरतात, पण वर काही उरत नाही. ठेवीला नॉमिनी म्हणून वडिलांचं, अप्पांचं, नाव आहे. नॉमिनी म्हणजे राखणदार. तो मालक होत नाही. अप्पा, हे वाक्य तुमच्यासाठी लिहिलं आहे.

हे लिहायची वेळ का आली तेही सांगते. परवा जेवताना अप्पा म्हणाले, "काय बरंवाईट झालंच, तर ठेव मोडून आकारामचं कर्ज फेडून टाकतो. नाव तरी राहील."

अव्वा ओरडली, "पोरगी समोर जेवतीया, आणि काय बोलताय हे?"

"मग काय खोटं बोलू? मार्केटात तोंड दाखवायचं हाय मला."

शिवांजली ताटावरून उठली. त्या रात्री तिने मला विचारलं, "अक्का, मी कॉलेज सोडू काय? म्हणजे तुला टेन्शन न्हाय." तिचा तो चेहरा डोळ्यांसमोर घेऊन मला शस्त्रक्रियेला जायचं नाही.

कलम २. आकाराम चव्हाण यांच्या कर्जाला माझ्या मिळकतीतला एक रुपयाही देऊ नये.

आकारामकाका मार्केट यार्डात हमाली करायचे आणि अप्पा तिथेच अडत्याच्या दुकानात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलतात. काकांनी टेम्पोसाठी एका पतसंस्थेचं सहा लाखांचं कर्ज काढलं, तेव्हा अप्पा जामीनदार झाले. वर्षभरात काकांनी हप्ते थांबवले आणि नोटीस आमच्या दारावर लागली. तेव्हापासून हप्ता माझ्या पगारातून जातो. अजून जवळपास तीन लाख बाकी आहेत. म्हणजे माझी ठेव मोडली तर कर्ज बरोबर फिटतं आणि शिवांजलीचं शिक्षण बरोबर बुडतं.

अप्पांनी सही का केली, यावर मी खूप विचार केला. यार्डात व्यापारी त्यांना "ए नाग्या" म्हणून हाक मारतात. व्यापारी गादीवर बसलेले असतात आणि अप्पा काट्याशी उभे. त्या दिवशी पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी "या नागाप्पाशेठ" म्हणून पंख्याखालची खुर्ची दिली आणि चहा मागवला. अप्पांना मराठी वाचता येतं. कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे सावकाश वाचतात, एवढंच. तरी त्यांनी कागद वाचला नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, "आकाराम शेजारी बसलेला. त्याच्यासमोर वाचत बसलो असतो तर त्याला काय वाटलं असतं? ह्याचा माझ्यावर भरवसा न्हाय म्हणून?"

आमच्या लोकांत सहीआधी कागद वाचणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. आमचं घर या एका सभ्यपणामुळे टांगणीला लागलं आहे.

मी काकांना भेटायला गगनबावड्याला गेले होते. घाटाच्या तोंडाशी त्यांची चहाची टपरी आहे, मागे तोच टेम्पो उभा होता. त्यांनी मला चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

"तुझा बा देवमाणूस हाय, पोरी."

"देवमाणसाच्या घरावर नोटीस लागलीया, काका."

"मग देवाला काय घर लागतंय व्हय?" असं म्हणून ते हसले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

त्या हसण्याची मी या कागदावर नोंद करून ठेवते. माफ करण्याइतकी मोठी मी अजून झालेले नाही.

कलम ३. घर अप्पांच्या नावावर आहे, त्यामुळे त्यावर माझा शब्द चालत नाही. विनंती करते. माझ्यामागे हप्ता थांबेल आणि पतसंस्थेची माणसं येतील. त्यांना टेम्पो कुठे आहे ते सांगावं. हप्ता कमी करून मिळावा म्हणून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तरीही घर गेलंच, तर भाड्याने राहावं. शिवांजली नर्स झाली तर घर पुन्हा उभं राहील. घर राहिलं आणि ती घरी बसली, तर तिचं काहीच उभं राहणार नाही. अप्पा, मी तुमच्या पाया पडून सांगते, हा क्रम बदलू नका.

कलम ४. माझी स्कूटर शिवांजलीला. कानातली फुलं अव्वाला, आणि ती तिने स्वतः घालावीत, डब्यात ठेवू नयेत. कॅल्क्युलेटर नेसरीच्या आत्याला. मी पदवीधर झाले तेव्हा ती पेढा खात म्हणाली होती, "शिकून तरी दुसऱ्याचाच हिशेब लिहिणार न्हवं?" तिने आता स्वतःचा लिहावा.

कलम ५. माझा विमा नाही. ज्या वर्षी अर्ज केला त्याच वर्षी झडपेचा दोष निघाला आणि अर्ज परत आला. आमच्या गल्लीतल्या झुंबरबाईंच्या मिरची कांडपाच्या डंकावर रविवारी माझ्या बचतीच्या वर्गाला येणाऱ्या सगळ्या बायकांना हे सांगावं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, धडधाकट आहात तोवर विमा काढा, आणि जामीन राहू नका, हे मी फळ्यावर लिहायचे आणि घरी येऊन दुसऱ्याचा हप्ता भरायचे. तरी फळ्यावरचं खोटं नव्हतं. फळा झुंबरबाईंनी त्या बायकांसाठी सांभाळावा.

कलम ६. मला नेसरीच्या शेतात, आजीच्या शेजारी माती द्यावी. माझ्यामागे दासोहाच्या पंगतीचं जेवण घरच्यापुरतं. चौकात माझा डिजिटल फलक लावू नये. ज्यांनी कधी एक हप्ता विचारला नाही, त्यांचे फोटो माझ्या फोटोखाली नकोत.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी झुंबरबाई लोखंडे यांनी करावी. सगळ्या गल्लीत अप्पांना न घाबरणारं माणूस तेवढं एकच आहे.

कलम ८. अप्पांना मी काहीही ठेवत नाही. यात राग नाही. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले, आणि मला साक्षीला अप्पाच हवे आहेत. पडवीतली वेताची खुर्ची मी पहिल्या पगारातून त्यांच्यासाठी आणली होती. ती हयातीतच दिलेली असल्याने या मृत्युपत्रात धरलेली नाही. ते तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.

अप्पा, आज त्या खुर्चीवर बसा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. कितीही वेळ लागू दे, मी समोर बसून राहते. मला वाईट वाटणार नाही. वाचल्याशिवाय सही केलीत, तरच वाटेल. आणि वाचून पटलं नाही, तर सही करू नका. मग मी दुसरा साक्षीदार शोधीन, पण निदान मला कळेल की मी कोणत्या घरातून दवाखान्यात जाते आहे.

ठिकाण: उचगाव, कोल्हापूर
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: शिवलीला नागाप्पा हत्तरगी (सही)

आम्हा दोघांसमोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: झुंबरबाई दत्तू लोखंडे (सही)
फळा घेणार न्हाय. मालकीण परत येणार हाय.

साक्षीदार २: नागाप्पा शिवाप्पा हत्तरगी (सही)
खुर्चीवर बसून सगळं वाचलं. आकारामचं आलं तिथं थांबलो. पाणी पिऊन ते परत पहिल्यापासून वाचलं. मग सही केली.