शेवटचं पान नसलेल्या गोष्टी

ता. ४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. खुशाली कळवायची तर कुणाची, हाच प्रश्न आहे. ह्यांच्या झटक्याला परवा चार महिने झाले. उजवी बाजू अजून तशीच, आणि तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, सगळं कळतं त्यांना. मला कधी तसं वाटतं, कधी वाटतं मी भिंतीशीच बोलतेय. सध्याची काळजी खाण्याची. तिसऱ्या चमच्याला तोंड मिटून घेतात. वजन असंच उतरत राहिलं तर महिनाअखेर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर त्यांच्यासमोरच म्हणाले. तेव्हा ह्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं, ते लिहवत नाही.

तू एक कर. गोष्टी पाठव. भरवताना वाचून दाखवीन. वाटीभर सूप संपेपर्यंत संपेल एवढीच लांब, आणि शेवट गोड. रडायला मला गोष्टीची गरज नाही. छापील बारीक अक्षर आता लागत नाही, तेव्हा तुझ्या त्या टपोऱ्या शाळकरी अक्षरात लिही. नाहीतरी वाचनालयात दिवसभर पुस्तकांना ठिगळंच लावतेस ना?

दमलेली, पण तुझ्यावरचा हक्क न सोडलेली,
ताई

ता. १७ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तिसरी गोष्ट सोबत आहे. भावाशी भांडून, नाव काठावर टाकून निघून गेलेल्या नावाड्याची. काळजी नको, तो परत येतो. दुरुस्तीच्या टेबलावर आलेल्या पुस्तकांतून जेवणाच्या सुट्टीत उतरवून घेते. बोटांना खळ लागलेली असते, म्हणून कागद जागोजागी कडक झाला आहे. तू नाक मुरडशीलच.

आधीच्या दोन गोष्टींना भाऊजींनी सहा-सहा चमचे घेतले हे वाचून इतकं बरं वाटलं, की मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. तुला एक सांगायचं आहे. आज धीर होत नाही.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
ठमी

ता. २१ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

घाईत लिहितेय. परवा वाचत होते. नावाडी घरी येतो, वहिनी त्याच्यापुढे चहा ठेवते, इथवर आले आणि ह्यांनी मान हलवून अगदी स्पष्ट म्हटलं, की हे खोटं आहे. चार महिन्यांतले पहिले शब्द, आणि तेही बायकोसाठी नाहीत, तुझ्या नावाड्यासाठी! मी हसले की रडले, आठवत नाही.

पण त्यानंतर वाटी बाजूला सारली ती सारलीच. दोन दिवस पाण्यापलीकडे काही नाही. हे पुस्तक ह्यांच्याच छापखान्यातलं तर नव्हे? तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, स्वल्पविराम हलला तरी घरी येऊन जेवायचा नाही. खरं सांग, गोष्ट अशीच आहे ना? तीस तारखेला वजन करणार आहेत. नळीचं त्याच दिवशी ठरेल.

वाट पाहणारी,
ताई

ता. २३ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

गोष्ट अशी नाही. माझ्या टेबलावर शिवण सुटलेली पुस्तकं येतात, आणि सुटायला लागली की सगळ्यात आधी शेवटचं पान जातं. तिन्ही गोष्टींचे शेवट माझे आहेत.

तुला गोड हवं होतं म्हणून केलं, असं म्हणता येईल. पण नीट विचार केला तर ते पुरतं खरं नाही. तू तिथे एकटी राबतेस आणि मी इथे पुठ्ठे चिकटवते, हे सहन होत नव्हतं. निदान कागदावर कुणालातरी घरी पोचवणं माझ्या हातात होतं. त्यापायी आजारी माणसाला फसवलं, आणि नळी लागली तर ती माझ्यामुळे.

हे पत्र भाऊजींना वाचून दाखव. माझ्या वतीने माफी माग. पुस्तक भाऊजींच्याच छापखान्यातलं आहे. दुसरी प्रत शोधली, मिळाली नाही. खरा शेवट आता तेच सांगू शकतील.

रागावलीस तरी पत्र टाक.
ठमी

ता. २ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वेडे, मला दुसऱ्या गोष्टीलाच संशय आला होता. परत येणाऱ्या प्रत्येकाला चहा विचारणारं जग फक्त तुझ्या डोक्यात आहे.

पत्र वाचून दाखवलं. हे अर्ध्या तोंडाने हसले. मग म्हटलं, आता खरा शेवट तुम्हीच सांगा. चार दिवस लागले. एक शब्द सापडला की दमायचे, आणि त्या दमण्यात मी एक चमचा सरकवायचे. फसवाफसवी आपल्या घराण्यातच आहे.

नावाडी परत येत नाही. भाऊ थोडे दिवस वाट बघतो, आणि मग एका सकाळी त्याची नाव रंगवायला घेतो. एवढंच. ऐकून मला हलकं का वाटलं, सांगता येत नाही.

तीस तारखेला वजन केलं. पाव किलो वाढलंय. नळी तूर्त नाही, पुन्हा पंधरा दिवसांनी बघणार. माझं अंग अजून मोडून आल्यासारखंच आहे, त्यात काही फरक नाही.

आज दुपारी ह्यांनी डाव्या हाताने माझ्याकडून चमचा काढून घेतला. निम्मं सूप चादरीवर सांडलं. मी पुसायला उठले नाही. बसून राहिले आणि बघत राहिले.

तुझ्यावर न रागावलेली,
ताई