सुमतीच्या चेहऱ्याबद्दल

धरमपेठ, नागपूर
बुधवार, ९ मे १९८४

प्रिय देवकी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. बावीस वर्षांत तुला माझ्या चेहऱ्याचं कौतुक पहिल्यांदाच सुचलं, त्याबद्दल आभार. ताई, तुझा चेहरा या वयातही इतका नितळ कसा, तू काय लावतेस ते सविस्तर कळव, असं तू लिहिलंस. खाली लगेच कारणही आलं. वीस तारखेला तुझ्या सुमतीला बघायला पाहुणे येणार, तिचा चेहरा तेलकट, कपाळभर पुटकुळ्या, म्हणून सोळा तारखेच्या एस.टी.नं तिला अमरावतीला पाठव. मी मात्र आले नाही तरी चालेल. मुलीच्या मावशीचं लग्न का नाही झालं, असं ते लोक विचारत बसतील म्हणे. तू हे किती सहज लिहून टाकलंस गं!

तर घे, लिहून घे. सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, साबण फक्त संध्याकाळी, तोही सौम्य. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. लगेच गुलाबपाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब घालून हलकं लावायचं. तेलकट चेहऱ्यालाही ओल लागते, हे आपल्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही, उशीचा अभ्रा चार दिवसांनी बदलायचा. मुलतानी माती आठवड्यातून एकदा, आणि ती पूर्ण वाळून चेहरा ताणायच्या आत धुवायची. पुटकुळी फोडायची नाही. आणि लिंबू चेहऱ्याजवळसुद्धा आणायचं नाही. हे सगळं मेडिकल कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तेल जितकं ओरबाडून काढाल तितकं कातडी जास्त सोडेल, असं त्या म्हणाल्या. दोन महिने धीर धरावा लागतो. तुझ्याकडे अकरा दिवस आहेत.

त्या बाईंकडे मला का जावं लागलं, ते तू विसरली नसशील. सक्करदऱ्याच्या घराची गच्ची, बासष्टचा मे महिना, चादरीवर कुरडया वाळत घातलेल्या. मला बघायला पाच दिवसांनी माणसं येणार होती आणि माझं नाक तर फोडणीच्या कढईसारखं चमकत होतं. आई म्हणाली, ‘लिंबू चोळ अन् बस उनात कुरडयांपाशी, सारं तेल ओढून घेते थे. कावळे बी हाकलणं होते.’ एका कामात दोन कामं उरकायची आईची रीतच होती. लिंबू तू चोळलंस. चांगलं दाबून, मानेपर्यंत रस ओघळेस्तोवर. बारा ते दोन मी तिथं बसले होते. त्या रात्री चेहऱ्याची आग आग झाली, आणि तिसऱ्या दिवशी जिथून जिथून रस ओघळला होता तिथं तिथं काळपट पट्टे उमटले. गालावर तीन, मानेवर दोन. आईनं त्यावर पावडर थापली, इतकी की मी हसले असते तर पापुद्रे पडले असते. हसायचं काही कारण नव्हतं म्हणा.

मला बघायला आलेल्या कृष्णकांतरावांची मावशी काही वेळ चांगली बोलत होती. स्वेटर विणता येतो का, पोहे कोणी केले, वगैरे. मग ती हात धुवायला आत आली, पाणी द्यायला तू उभी होतीस. ती परत आली ती पदराचं टोक ओलं करूनच. ‘इकडे ये वं पोरी,’ म्हणाली आणि सगळ्यांदेखत माझा गाल पुसला. काळ्या पट्ट्यांमधली माझी मूळची कातडीच तिला पांढरे डाग वाटली असणार. बाबा तेव्हा खाली बघत होते. आठ दिवसांनी निरोप आला: धाकटी पसंत आहे. मोठीला कोड आहे, तिचं तुम्ही बघा.

पट्टे वर्षभरात गेले. कोड मात्र राहिलं, लोकांच्या तोंडात. कळमेश्वरच्या स्थळानं नकार दिला, वर्ध्याच्यानं दिला, मग स्थळं येणंच बंद झालं. सुमतीच्या बारशाला तुझी ती मावससासू मला हसत हसत म्हणाली, ‘तुमच्या देवकीनं पावडरीचं सांगितलं म्हणून आमी वाचलो. मी इचारलं, कोड आहे का? तं पोरगी गप्पच राहिली.’ मी बारशाच्या घुगऱ्या वाटत होते, वाटत राहिले. बासष्टला तू अठरा वर्षांची होतीस. घाबरली असशील, किंवा कृष्णकांतराव आवडले असतील. ‘नाही, ते लिंबानं झालंय’ एवढे चार शब्द तुझ्याकडे होते आणि तू ते दिले नाहीस. मला राग आला होता. अजून आहे. तरी मी गप्प राहिले, कारण पाळण्यात सुमती होती. पुढे कॉलेजसाठी तीच माझ्याकडे राहायला आली, आणि ही तीन वर्षं माझी सगळ्यात चांगली गेली.

आता हे पत्र का लिहिते ते सांगते. चेहऱ्याचा उपाय एका कार्डावरही मावला असता. काल दुपारी शाळेतलं निकालाचं काम आटोपून घरी आले तर सुमती गच्चीवर, भर उन्हात, तोंडाला लिंबू चोळून बसलेली. तू तिलाही पत्र लिहिलं होतंस, त्यात हाच उपाय. मी तिला ओढतच खाली आणलं, तोंड धुतलं, ओरडले. ती रडायला लागली आणि म्हणाली, ‘मावशी, आई म्हणते तुले कोड होतं, म्हणून लग्न नाही झालं. घराण्यात आहे नं ते? मले पण येईल काय?’ वीस वर्षांची पोर रोज आरशात पांढरा डाग शोधत होती, देवकी. परक्यांसमोर गप्प राहिलीस ते मी गिळलं. पण स्वतःच्या लेकीला हे तू तुझ्या तोंडानं सांगितलंस. तिला मी अजून काही उत्तर दिलेलं नाही, ते तुझं काम आहे. सोळा तारखेला तिला मी गाडीत बसवणार नाही. त्याआधी तू इथे ये, तिच्यासमोर बस, आणि लिंबू कोणी चोळलं, गप्प कोण राहिलं ते तिला सांग. पाहुण्यांना काय कळवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पंधरा तारखेपर्यंत वाट बघेन. नाही आलीस तर मीच सांगेन, आणि मग ती तुझ्याकडे परत यायचं म्हणेल की नाही, याची हमी मी देणार नाही.

तुझीच,
उत्तराताई