टेलिप्रिंटर बैठकीतच राहील

जोतीराम,

टेलिप्रिंटर भंगारात न्यायला तू पाठवलेल्या लालसाबला मी हातगाडीसकट परत लावून दिलं. नातेपुत्याचे पाहुणे विजयाला बघायला येणार असले, तरी ते यंत्र बैठकीतून हलणार नाही.

त्याला वायरीनं जोडलेला पाटीएवढा हिरवा बोर्ड हा तुझ्या लेकीचा, विजयाचा कॉम्प्युटर. ती टेलिप्रिंटरवर टाइप करते आणि तो त्याच कागदावर उत्तर छापतो. दोन दिवस आकडे टाइप करून तिनं त्याला शिकवलंय. वीज तुटली की तो सगळं विसरतो. बाहेर पडताना मेन स्विच बंद करायची तुझी सवय आज आवर.

माझं लग्न ठरताना तुझ्या आजोबांनी माझी बाजाची पेटी अशीच विकली. पाहुण्यांना गाणारी मुलगी चालणार नाही म्हणाले. त्या पेटीची कुठली पट्टी अडकायची, ते माझ्या बोटांना अजून आठवतं. तेव्हा मी गप्प बसले होते.

मी आणि विजया नवी पेठेत कागदाची गुंडाळी आणायला जातोय. पाहुणे आधी आले तर चहा कर. हे काय, असं त्यांनी विचारलं तर आमच्या मुलीनं जुळवलंय म्हणून सांग. आवाज खाली घेऊन सांगू नकोस.

आई